नवजात कोकरांची जोपासना

शेतात मेंढ्या बसवून खत घेण्याची चाल आपल्या देशावरील मुलखात फार जुनी आहे. सुगी आटोपली की धनगरांचा वाडा येतो, चार रात्री मेंढ्या रानात बसतात, लेंडी व मूत्र जमिनीत मुरते, आणि वाडा पुढल्या गावी जातो. ह्या संबंधामुळे मेंढी हे जनावर आपणांस परके नाही. तथापि दुरून पाहणे निराळे व स्वतः पाळणे निराळे. ज्या शेतकऱ्यांनी गोठ्याशेजारी दहा-वीस मेंढ्या ठेवण्यास नुकताच आरंभ केला आहे, त्यांस पहिली मोठी अडचण येते ती कोकरांची. गाभण मेंढ्या विकत घेतल्या, त्या व्यायल्या, आणि पहिल्याच हंगामात तीन-चार कोकरे हातची गेली, म्हणजे मनुष्य खट्टू होतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असल्यामुळे तिला भाव थोडा. ह्या धंद्याचे खरे पीक म्हणजे कोकरूच होय. ते पीक पहिल्या दिवशी कसे राखावे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

आमच्या पहिल्या हिवाळ्यातील एक गोष्ट आरंभी सांगतो. पौषातील एका पहाटे एका पहिलारू मेंढीजवळ तिचे कोकरू ताठ होऊन पडलेले आढळले. आदल्या संध्याकाळी ते चांगले उभे होते. रात्री कडाका मोठा पडला होता, तेव्हा ते थंडीने मेले असे आम्ही ठरविले. त्या सुमारास शेजारच्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला होता. त्यातील एक वृद्ध बाई पाहावयास आली. तिने मेलेल्या कोकराचे पोट चाचपले, आणि मग मेंढीची कास हातात घेतली. कास टणक भरलेली होती. सड पिळताच प्रथम मेणासारखी एक लहानशी गुठळी बाहेर पडली व मागाहून पिवळ्या चिकाची धार लागली. ती बाई म्हणाली, "मालक, थंडीनं न्हाई, उपाशी मेलं हे."

त्या एका वाक्याने आम्हांस जे शिकविले, ते पुढे अनुभवाने पटत गेले. नवजात कोकरू थंडीने मेले असे आपण म्हणतो, तेव्हा फार करून ते आधी उपाशी राहिलेले असते. पोटात चीक असलेले कोरडे कोकरू बरीच थंडी सोसते. रिकाम्या पोटाचे कोकरू सौम्य थंडीतही गारठते. म्हणून पहिल्या दिवशी मेंढीपालकाने एकच प्रश्न वारंवार विचारावयाचा: हे कोकरू प्याले काय?

व्याण्यापूर्वीची तयारी

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा, म्हणजे 147 ते 150 दिवसांचा असतो. पावसाळा लागून हिरवे गवत मिळू लागले की मेंढ्या माजावर येतात. आषाढात फळलेली मेंढी मार्गशीर्षात किंवा पौषाच्या आरंभी व्याते. अर्थात आपल्याकडील पुष्कळशी कोकरे ऐन थंडीत जन्मास येतात. मेंढा कळपात केव्हा सोडला ती तारीख लिहून ठेविली असेल, तर तयारीस वेळ मिळतो.

पोटातील कोकराची सुमारे दोन-तृतीयांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. ह्या काळात मेंढीस केवळ कडब्यावर ठेविले, तर कोकरू लहान व अशक्त निपजते आणि चीकही थोडा उतरतो. म्हणून चाऱ्याशिवाय दररोज पाव किलोच्या आसपास भरडा व पेंड द्यावी. मात्र खुराक एकदम न वाढविता हळूहळू वाढवावा. आंत्रविषाराची लस व्याण्यापूर्वी चार ते सहा आठवडे मेंढीस टोचून घ्यावी. त्यामुळे तयार होणारी प्रतिकारशक्ती चिकावाटे कोकरास मिळते. एक लस दोघांच्या कामी येते.

निवाऱ्यासाठी पक्की इमारत नको. वाऱ्याची बाजू बंद, जमीन कोरडी व वर छप्पर असले म्हणजे पुरे. गारठ्यापेक्षा वारा आणि ओल ही अधिक घातक आहेत. एका कोपऱ्यात सुमारे पाच फूट लांब व तितकीच रुंद अशी लहान जागा फळ्या लावून अलग करावी व तीत गव्हाचे काड किंवा वाळले गवत जाड अंथरावे. व्यायलेली मेंढी व तिचे कोकरू ह्यांस पहिले एक-दोन दिवस तेथे एकत्र ठेवावे, म्हणजे दोघांची ओळख पक्की होते. जवळ एका डब्यात टिंक्चर आयोडीन, स्वच्छ फडकी, साबण, रबरी हातमोजे, एक थर्मामीटर, दुधाची बाटली व बूच, मऊ रबरी नळी, मोठी पिचकारी व विजेरी एवढे साहित्य असू द्यावे. मध्यरात्री हे शोधीत फिरण्याची पाळी येऊ नये.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. मेंढीच्या वारेतून व पाण्यातून काही रोग मनुष्यास जडतात व ते गर्भास अपायकारक असतात. म्हणून घरातील गर्भवती स्त्रीने व्याणाऱ्या अथवा गाभडलेल्या मेंढीच्या कामास हात लावू नये. इतरांनीही हातमोजे घालावे व वार खोल पुरावी. ती कुत्र्यांस खाऊ देऊ नये.

पहिला तास

व्याण्याची वेळ आली की मेंढी कळपापासून बाजूस होते, खुराने जमीन उकरते, उठबस करते. पाण्याची पिशवी दिसल्यानंतर साधारणपणे तासाभरात कोकरू बाहेर येते. पुढचे दोन पाय व त्यांवर टेकलेले नाक ही योग्य स्थिती होय. ती दिसत असेल तर दूर उभे राहून स्वस्थ पाहावे; उगीच ओढाताण करू नये. परंतु मेंढी अर्धा-पाऊण तास जोराने कळा देत असून काहीच पुढे सरकत नसेल, अथवा नुसते डोके, एकच पाय किंवा शेपूट दिसत असेल, तर पशुवैद्यास बोलवावे. नवख्याने आत हात घालून प्रयोग करण्याची ही जागा नव्हे.

कोकरू बाहेर पडताच नाकातोंडावरील पडदा व चिकटा बोटाने काढावा. श्वास सुरू होत नसल्यास गवताची काडी नाकपुडीत हलकेच फिरवावी आणि छाती कोरड्या फडक्याने चोळावी. नंतर कोकरू मेंढीच्या तोंडापुढे ठेवून आपण मागे सरावे. तिचे चाटणे हे नुसते पुसणे नव्हे. त्या चाटण्याने कोकराचे रक्ताभिसरण वाढते, आणि त्याच्या अंगाचा वास तिच्या मनात ठसतो. उत्साहाच्या भरात कोकरास पूर्ण पुसून घरात नेल्यामुळे मेंढीने पुढे ते झिडकारल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. मेंढी चाटीत नसेल किंवा वारा फार असेल, तरच आपण पुसावे, आणि तेही तिच्यासमोर.

नाळ बहुधा आपोआप तुटते. लांब लोंबत असल्यास पोटापासून सुमारे दोन इंच ठेवून कापावी आणि तिचे टोक टिंक्चर आयोडीनच्या लहान पेल्यात पूर्ण बुडवावे; वरवर बोळा फिरवून भागत नाही. ओली नाळ ही जंतूंना उघडी वाट आहे. त्या वाटेने शिरलेल्या जंतूंमुळे सात-आठ दिवसांनी बेंबी सुजते, किंवा गुडघे सुजून कोकरू लंगडते. धनुर्वातही ह्याच वाटेने येऊ शकतो.

आता ज्या कामात आम्ही चुकलो ते काम. मेंढीच्या दोन्ही सडांतून एकेक-दोनदोन धारा काढून पाहाव्या. सडाच्या तोंडाशी मेणासारखे बूच असते. जोमदार कोकरू ते स्वतः ओढून काढते, अशक्त कोकरास ते साधत नाही. त्याच वेळी कासेत गाठी अथवा दुखरेपणा आहे काय, हेही कळते. निरोगी कोकरू अर्ध्या तासाच्या आत उभे राहते व तासाभरात सड शोधते. दोन तासांत जे प्याले नाही, त्यास पाजणे हे आपले कर्तव्य झाले.

चिकाचे महत्त्व

मनुष्याच्या गर्भास आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये जन्मापूर्वीच मिळतात. मेंढीची गोष्ट तशी नाही. तिच्या वारेतून ती द्रव्ये पलीकडे जात नाहीत. कोकरू जन्मते तेव्हा रोगांपुढे ते सर्वस्वी उघडे असते व त्याचे सर्व संरक्षण चिकात साठविलेले असते. शिवाय ही द्रव्ये आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची शक्ती कोकरात फार थोडा वेळ असते. जन्मल्यापासून ती तासातासाने उतरत जाते व सुमारे एका दिवसात संपते. दुसऱ्या दिवशी भांडेभर चीक पाजला तरी तो अन्न होईल, पण कवच होणार नाही.

चीक हे इंधनही आहे. कोकराच्या अंगात जन्मतः एका विशेष प्रकारच्या चरबीचा लहानसा साठा असतो व तीवर त्याची ऊब काही तासच टिकते. तेवढ्या अवधीत पोटात चीक गेला नाही, तर चूल विझते.

प्रमाण असे धरावे: एका वेळी दर किलो वजनास 50 मिलिलिटर, आणि पहिल्या चोवीस तासांत एकंदर दर किलोस सुमारे 200 मिलिलिटर. तीन किलोच्या कोकरास एका वेळी 150 व दिवसभरात चार वेळा मिळून 600 मिलिलिटर झाले. कोकरू आईला पीत असेल तर अर्थातच मापण्याचे कारण नाही.

मेंढीस चीक नसेल, तर त्याच दिवशी व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा घ्यावा. तेही नसेल तर गाईचा चालतो. गाईच्या चिकाने क्वचित एखाद्या कोकरास पुढे दोन-तीन आठवड्यांत रक्तक्षय होतो; म्हणून शक्य तर दोन-तीन गाईंचा चीक मिसळून द्यावा. शीतपेटी असल्यास जादा चीक लहान बाटल्यांत गोठवून ठेवावा व लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली धरून पातळ करावा. विस्तवावर मात्र तो कधीही तापवू नये. चीक उकडला की त्याचा खरवस होतो, हे घरोघर ठाऊक आहे. जी द्रव्ये खरवसात घट्ट होतात, त्यांतच कोकराचे संरक्षण असते.

भुकेची व गारठ्याची परीक्षा

पोटभर प्यालेले कोकरू झोपेतून उठविले की पाठ ताणून आळस देते; त्याची कूस भरलेली व तोंड उबदार लागते. उपाशी कोकरू पाठ वाकवून, चारी पाय जवळ घेऊन उभे राहते. कूस आत गेलेली असते. आरंभी ते ओरडते, मग गप्प होते. ओरडणाऱ्या कोकराकडे जावे, पण ओरडून गप्प झालेल्याकडे आधी धावावे. तोंडात बोट घातले असता गार लागले, तर वेळ थोडा उरला आहे असे समजावे. मेंढीची फुगलेली कास पाहून नवा पालक खूश होतो. कोकरू बारीक व कास तट्ट असेल, तर ती धोक्याची खूण होय.

संशय आला की गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहावे. कोकराचे स्वाभाविक तापमान 102 ते 104 अंश फॅरनहाइट असते. 99 ते 102 अंशांच्या दरम्यान असल्यास कोकरू कोरडे करावे, चीक पाजावा, निवाऱ्यास ठेवावे व अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. तापमान 99 अंशांच्या खाली गेले तर प्रसंग गंभीर आहे, आणि येथे घाईने मोठी चूक होते.

ती चूक अशी की गारठलेले कोकरू दिसताच मनुष्य त्यास शेकोटीजवळ नेतो. कोकरू नुकतेच जन्मलेले, म्हणजे पाच तासांच्या आतले असेल, तर त्याच्या अंगात अजून थोडा साठा असतो. त्यास पुसून आधी ऊब द्यावी व तापमान 99 च्या वर आले की चीक पाजावा. परंतु पाच तासांहून मोठ्या उपाशी कोकराच्या रक्तातील साखर संपलेली असते. त्यास तसेच शेकले, तर शरीर जागे होऊन साखर मागते, ती मिळत नाही, आणि कोकरू झटके येऊन मरते. अशा कोकरास आधी अन्न व मग ऊब, हा क्रम ठेवावा. ते मान उचलून धरीत असेल तर नळीने चीक द्यावा व नंतर उबवावे. मान टाकलेली असेल, तर तोंडावाटे काहीही देऊ नये, कारण ते गिळू शकत नाही व चीक फुफ्फुसात जातो. अशा वेळी पशुवैद्याकडून ग्लुकोजचे इंजेक्शन पोटात देवविणे व मग शेकणे हाच उपाय आहे.

शेकण्यासाठी उघडा जाळ वापरू नये. खोक्यात गवत घालून, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोहों बाजूंस ठेवाव्या व वर घोंगडी टाकावी. हवा येण्यास जागा असू द्यावी. दर अर्ध्या तासाने तापमान पाहावे व ते 99 च्या वर गेले की पाजावे.

नळीने पाजण्याची रीत अवघड नाही, पण ती पशुवैद्याकडून अथवा जाणत्याकडून एकदा हाताने शिकून घ्यावी. कोकराच्या नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी मोजून खूण करावी. नळी ओली करून जिभेवरून हळूच सरकवावी, म्हणजे कोकरू ती गिळत जाते. ठसका लागला तर लगेच बाहेर काढावी. खुणेपर्यंत गेल्यावर वर पिचकारीचे नळकांडे लावून चीक आपल्या वजनाने उतरू द्यावा. जोराने ढकलू नये. काढताना नळी चिमटीत दाबून काढावी, म्हणजे उरलेला थेंब श्वासनलिकेत पडत नाही.

जुळी व पोरकी कोकरे

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील सुंदरबनच्या गरोल जातीचा जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' नावाची मेंढी तयार केली आहे. अशा मेंढ्या ज्यांनी घेतल्या, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की जुळ्यांतील कोकरे वजनाने लहान असतात व धाकटे मागे ढकलले जाते. दुसरे कोकरू हा नफा आहे, पण तो जागणाऱ्यास मिळतो.

पोरके कोकरू दुसऱ्या मेंढीस लावावयाचे असेल, तर ती व्याते त्याच वेळी तिच्या वारेचे पाणी त्यास चोळून तिच्यापुढे ठेवावे. जिचे स्वतःचे कोकरू मेले, तिच्या मेलेल्या कोकराचे कातडे पोरक्याच्या पाठीवर दोन-तीन दिवस बांधण्याची जुनी युक्तीही उपयोगी पडते; मात्र ते कोकरू रोगाने मेलेले नसावे. धनगरांच्या कळपात दोन-चार शेळ्या असतात, त्यांच्या दुधाचा अशा वेळी मोठा आधार होतो.

बाटलीवर वाढवावयाचे तर चीक संपल्यानंतर दूध द्यावे, पण त्यात पाणी घालू नये. मेंढीच्या दुधात स्निग्धांश सुमारे सहा ते सात टक्के असतो व गाईच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गाईचे दूध कोकरास मुळातच पातळ आहे. म्हशीचे दूध स्निग्धांशाने अधिक जवळचे. पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे, अंगाइतके कोमट करून, उभ्या कोकरास पाजावे. बाटली प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावी. एकदम भरपेट पाजणे हे हगवणीस आमंत्रण आहे.

पहिल्या आठवड्यानंतर

आरंभी पडणारी काळी चिकट विष्ठा व नंतरची पिवळी विष्ठा स्वाभाविक आहे. पिवळी विष्ठा शेपटीखाली वाळून गुदद्वार बंद झाल्यास कोमट पाण्याने भिजवून काढावी. पातळ हगवण, सुजलेला सांधा, उतरलेले कान अथवा पिण्याची अनिच्छा दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोकरे पाला चघळू लागतात. केवळ त्यांनाच आत शिरता येईल असे कुंपण करून त्यात थोडा भरडा, लसूणघास व स्वच्छ पाणी ठेवावे. खुराक हळूहळू वाढवावा. आंत्रविषार पुष्कळदा सर्वांत धष्टपुष्ट कोकरासच गाठतो. ह्या रोगाची व पुढे पीपीआर व देवी ह्यांची लस कोणत्या वयात द्यावयाची, हे मेंढीस लस दिली होती की नाही ते सांगून पशुवैद्यास विचारावे. गाईगुरे बाळगणाऱ्यांस आणखी एक सूचना: गुरांसाठीचे क्षारमिश्रण मेंढ्या-कोकरांस घालू नये. गुरांस सोसणारे तांबे मेंढीच्या यकृतात साठून विष होते. मेंढ्यांसाठी निराळे मिळते तेच आणावे.

शेवटी एक वही ठेवावी. मेंढी, व्याण्याची तारीख, कोकराचे वजन, केव्हा प्याले, आणि मेले असल्यास कशाने, एवढे लिहावे. आमच्या वहीतील पहिल्या वर्षीच्या पानावर त्या पौषातील कोकरापुढे आम्ही "थंडी" असे लिहिले होते. ते खोडून "उपास" असे लिहिले. त्यानंतर व्याणाऱ्या प्रत्येक मेंढीचे सड आम्ही स्वतःच्या हाताने उघडून पाहतो. ह्या कामास दोन मिनिटे पुरतात, आणि खर्च काहीच नाही. ज्या वाचकांच्या मेंढ्या ह्या हिवाळ्यात व्यावयाच्या आहेत, त्यांनी एवढे जरी पदरी बांधिले, तरी ह्या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.